पाटा चढवलेली गाडी

आमच्या घरात निवडून आणलेली वस्तू जवळजवळ नव्हती. माझी निळी सायकल एका ट्रकवाल्यानं कामाच्या बदल्यात सोडून दिलेली होती, लोखंडी पलंग मावशीच्या घरून आला होता, आणि कॉलेजसुद्धा मी निवडलं असं म्हणता येणार नाही. यादीत नाव जिथं लागलं तिथं गेलो. घराण्यात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच, त्यामुळं बरं-वाईट विचारायला कुणी नव्हतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पण डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर "गाडी गजानन निवडेल" असं सांगून टाकलं तेव्हा मी का घाबरलो, हे कळायला एवढं सांगणं भाग आहे.

गाडी म्हणजे रिमोटची. नांदेडच्या एका कॉलेजात त्या गाड्यांची शर्यत व्हायची, आणि आमच्या हिंगोलीच्या कॉलेजानं कधी नव्हे ते त्या वर्षी नाव दिलं होतं. शर्यतीत टूरिंग कारच चालणार होती. खऱ्या मोटारीच्या दहाव्या हिश्श्याची, घरगुती मोटारीसारख्याच आकाराची, पोट जमिनीला टेकल्यासारखं, चारही चाकांना ताकद, आणि पळवायची ती गुळगुळीत रिंगणात. मातीत उड्या मारणाऱ्या मोठ्या चाकांच्या गाड्यांना तिथं जागा नव्हती. विभागानं एक गाडी घेऊन द्यायचं कबूल केलं होतं, पण विभागप्रमुखांची अट होती. अंतिम फेरीत पोचलात तर शर्यतीसाठी जमवलेला हा गट पुढच्या वर्षी चालू राहील आणि जिन्याखालची खोली तुमची. नाही पोचलात तर खोलीत पुन्हा जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जातील. गटात नावं सात-आठ जणांची होती. मनापासून येणारे दोघंच, मी आणि आखाडा बाळापूरची रुबीना शेख. तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं, आणि तिचा हात डाख देताना इतका स्थिर असायचा की सर स्वतःच्या घरचा रेडिओ तिच्याकडून दुरुस्त करून घ्यायचे.

माझ्यावर निवड सोपवण्याचं कारण सरांनी दिलं होतं. "त्याच्या घरचा धंदाच गाड्यांचा आहे." यातलं अर्धं खरं होतं. वारंगा फाट्यावर दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कमानपाट्यांचं दुकान होतं. ट्रक, टेम्पो, काळीपिवळी जीप, कशाचीही कमान बसली, म्हणजे मागचा भाग खाली दबला, की गाडी दादांकडं यायची. दादा पाटे सुटे करत, भट्टीत तापवून घणानं त्यांना बाक देत, आणि गिऱ्हाइकानं सांगितलं तर एक पाटा जास्तीचा चढवत, की गाडी चार बोटं वर. आमच्या भागात गाडी बघायची रीतच ती आहे. नवी जीप घेऊन कुणी आलं तर माणसं रंग बघत नाहीत, वाकून खाली बघतात आणि विचारतात, "खाली लागती का?" पण दादांनी मला भट्टीजवळ कधी उभं राहू दिलं नव्हतं. "तू पुस्तकापाशी बस," एवढंच. दुकान घराला लागून होतं, त्यामुळं मी घणाचे ठोके ऐकत शिकलो, आणि ठोक्यांवरून दादा किती थकलेत ते मला कळायचं. सकाळी दोन ठोक्यांत एक श्वासाची जागा असे, दुपारनंतर दोन श्वासांची. त्या वर्षी तर उजवा खांदा इतका उतरला होता की संध्याकाळी जेवताना माय भाकरी वरणात कुस्करून त्यांच्यासमोर ठेवायची आणि मग चुलीकडं तोंड करून बसायची, बघत नसल्यासारखी. मला गाड्यांतलं काही येत नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आज वाटतं, पण वर्गात कुणीतरी पहिल्यांदाच मला काही येतं असं धरून चाललं होतं, आणि ते खोडून काढायचा धीर झाला नाही.

कॉलेजला जायची एसटी सकाळी नांदेडहून यायची. मी फाट्यावर चढायचो, रुमाल टाकून जागा धरायचो, आणि रुबीना बाळापूरला चढायची. हळद शिजवायचे दिवस होते. खिडकीतून तो ओलसर, गरम वास आत यायचा आणि कळमनुरीपर्यंत अर्धी बस झोपलेली असायची. रुबीना मात्र बसल्याबसल्या फोन काढायची. दोन गाड्यांवर येऊन आम्ही अडकलो होतो. एक पट्ट्याची. तिच्यात मोटारीची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना दातेरी पट्ट्यांनी जायची. अंग सगळं उघडं, काळ्या पातळ पत्र्यासारखं, देखणं. दुसरी दांड्याची. तिच्यात मधोमध एक दांडा, आणि दातेरी चक्रं दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या पेटीत बंद.

"पट्ट्याची बघ, काय दिसून राहिली!" रुबीना म्हणायची. "आन् ही तुझी दुसरी? साबणाची डबी हाय नुसती."

"पट्ट्याची वळणात हलकी आहे म्हणतात," मी म्हणायचो. "पण दांड्याची मजबूत असेल. पण जड असेल. बघतो मी."

"आठ दिवस झाले बघूनच राहिला. पोरगी बघायला गेल्ता काय? कांदेपोहे खाऊन, सांगतो म्हणून उठायला?"

पुढच्या बाकावरचा एक फेटेवाला हसला. मी वही काढली. वहीत दोन रकाने होते, पट्टा आणि दांडा, आणि दोन्हीत सारख्याच ओळी भरत आल्या होत्या. आजही मी दुकानात दोन शर्टांपुढं उभा राहिलो की बायको बाहेर जाऊन चहा पिऊन येते. ती सवय त्या वहीतली आहे.

शेवटी मी दादांना विचारलं. जेवण चाललं होतं, अंबाडीची भाजी होती, आणि मी फोनवरची चित्रं दाखवत, जमेल तसं समजावत होतो. माय म्हणाली, "खेळण्यातली गाडी ना रे लेकरा? तिला एवढा इचार? तुझ्या बापानं मला बघायला यवढा येळ न्हाई लावला."

"मला कुठं इचारलं होतं कुणी," दादा म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "कुठं पळणार हाय ही?"

"नांदेडला. स्केटिंगची रिंग आहे, सिमेंटची. एकदम गुळगुळीत."

"सुरुवातीला समदेच म्हणतात, रस्ता गुळगुळीत हाय." त्यांनी घास संपवला. "धूळ राहील?"

"थोडी असेल. सराव तर आपल्याच व्हरांड्यात करायचा."

"मंग झाकलेली घे. उघड्या पट्ट्यात एक खडा गेला की खेळ खलास. दिसायला काय करायचं? पळायला पायजे."

संपलं. आठ दिवस जे मला जमलं नव्हतं ते दादांनी माय भाजी वाढेपर्यंत करून टाकलं. मला हलकं वाटलं आणि त्याच वेळी खूप दमल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी सरांना दांड्याची सांगितली. "का?" त्यांनी विचारलं, आणि मी धुळीचं आणि खड्याचं कारण माझंच असल्यासारखं सांगितलं. "बघा," सर वर्गाला म्हणाले, "असं अनुभवातून येतं." रुबीनानं माझ्याकडं बघितलं.

निवड बरोबर होती, हे इथं नोंदवलं पाहिजे. त्या गाडीची चक्रं शेवटपर्यंत एकदाही अडकली नाहीत. चूक पुढं झाली, आणि ती दादांची होती असं म्हणणं सोपं आहे.

गाडी सुट्या भागांत आली. पंधरा दिवस आम्ही ती जिन्याखाली जोडत होतो, आणि एका शनिवारी मी ती दादांना दाखवायला खोक्यात घालून घरी नेली. त्यांनी ती ऐरणीवर ठेवली. दिव्याखाली धरली. चारही चाकं एकेक करून दाबली, सोडली, आणि चाकापाशी असलेले करंगळीएवढे शॉकअप बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तसं मी पुन्हा फारसं बघितलं नाही. त्यात तेल असतं, स्प्रिंग असते, खऱ्यासारखंच सगळं असतं, हे मी सांगत होतो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मग ते वाकले आणि गाडीच्या पोटाखाली बोट घालायला गेले.

"करंगळीबी जाईना की रे."

"तशीच असते ती."

"तशी कशी? शेंगाचं टरफल आलं तरी आडंल ही." त्यांनी उंबऱ्याकडं बघितलं. "हिला उचलावं लागंल."

रविवारी दादा कधी काम करत नसत, खांद्याला तेवढाच एक दिवस होता. त्या रविवारी ते सकाळपासून दुकानात बसले. ट्रकच्या जुन्या नायलॉनच्या बुशातून, म्हणजे जाड नळीसारख्या तुकड्यातून, करवतीनं चार कड्या कापल्या, कानशीनं घासून चारही सारख्या जाडीच्या केल्या, प्रत्येकीला एका बाजूनं चीर दिली आणि शॉकअपच्या स्प्रिंगांवर वरून चपखल बसवल्या. स्प्रिंग दबली, गाडी वर उठली. खऱ्या कमानीला पाटा चढवावा, अगदी तसंच. मधूनच उजवा हात खाली सोडून डाव्या हातानं खांदा धरून बसायचे आणि पुन्हा कानस उचलायचे. दुपारी त्यांनी गाडी दुकानातून घरात सोडली आणि ती लाकडी उंबरा न घासता पार करून गेली. माय पीठ चाळत होती. म्हणाली, "आता वलांडती बाई उंबरा. सून नांदती म्हणायची."

दादा हसले. मीही हसलो. खोक्यात आलेल्या कागदावर लिहिलं होतं की गुळगुळीत रिंगणासाठी गाडी शक्य तितकी खाली ठेवावी. मी तो कागद दोनदा वाचला होता. माझ्या वहीत त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती.

सोमवारी रुबीनानं खोकं उघडलं. "हिला उंट कुणी केलं?"

"दादांनी."

तिनं गाडी बाहेर काढली. "चालवून बघू," म्हणाली. आम्ही व्हरांड्यात चालवून बघितली. तिथली फरशी मऊ धुळीची. टायर घसरायचे, गाडी वळणात नुसती सरकायची, पडायची नाही. म्हणून आम्हाला कळलं नाही, असं मी सरांना नंतर सांगितलं. रुबीनाला कळलं नव्हतं. माझ्याबद्दल मी तसं म्हणू शकत नाही.

शर्यतीच्या दिवशी दादांनी दुकान बंद ठेवलं. रविवार सोडला तर लग्नाशिवाय किंवा मौतीशिवाय ते बंद राहत नसे. पांढरा इस्त्रीचा शर्ट, टोपी, मायनं बांधून दिलेल्या धपाट्यांची पिशवी. रिंगभोवती लोखंडी कठडा होता, त्याला धरून ते उभे राहिले, आणि शेजारच्या कुणालातरी सांगताना मी ऐकलं, "ती पिवळी आमची हाय. कमान मी बांधली." नऊ गाड्या होत्या. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, तिन्हीत मिळून मारलेल्या चकरा मोजायच्या, पहिल्या सहा गाड्या अंतिम फेरीत.

ती रिंग खरोखर काचेसारखी होती, आणि सकाळीच पुसून घेतलेली. टायर तिला चिकटत होते. पहिल्याच डाव्या वळणावर आमच्या पिवळ्या गाडीनं आतली दोन चाकं उचलली, क्षणभर तशीच पळाली, आणि टपावर पडली. चाकं हवेत फिरत राहिली. एका स्वयंसेवकानं ती सरळ केली. पुढच्या वळणावर पुन्हा. फेरी संपेपर्यंत ती पाच वेळा पडली, आणि पाचव्यांदा कठड्यावरचे लोक हसले.

गाडी टेबलावर आणली तेव्हा रुबीनानं दोन्ही हात कमरेवर ठेवले होते. "त्या कड्या काढ."

"पुढच्या फेरीला बघू."

"काहून पुढच्या? दोन मिनिटांचं काम हाय. बाकीच्यांच्या गाड्या बघ, जमिनीला चिकटल्यात."

मी कठड्याकडं बघितलं. तिनंही बघितलं. दादा तिथंच होते, पिशवी छातीशी धरून.

"समजून घेतील ते," ती हळू म्हणाली.

"तुला नाही कळायचं."

"व्हय, मला काय कळतंय! अब्बांनी शिवलेल्या दप्तराचा बंद भर वर्गात तुटला, तवा मी सुतळी बांधून घरी गेले. त्यांना सांगितलं, बंद कच्चा होता. त्यांनी दुसरा लावला. कुणी मेलं न्हाई."

"एक फेरी. मी हळू चालवतो."

आणि मी हळू चालवली. दुसऱ्या फेरीत गाडी एकदाच पडली, पण प्रत्येक वळणावर मी तिला इतकं आवरत होतो की सगळ्या गाड्या आमच्या बाजूनं निघून गेल्या. अंगठे आखडले होते. ती पाच मिनिटं मला अजून आठवतात. आता मी स्वतः डिप्लोमाच्या मुलांना शिकवतो. एखादं मूल चुकीचं गणित माहीत असून रेटत जाताना दिसतं. मी त्याच्या बाकाशी जाऊन उभा राहतो आणि पहिल्यांदा काही बोलवत नाही.

तिसऱ्या फेरीआधी मी बॅटरी बदलायचं निमित्त करून टेबलाच्या मागं खाली बसलो, कठड्याकडं पाठ करून. चार कड्या अंगठ्यानं ओढल्या की निघाल्या. इतक्या सहज निघाल्या. पंपाचं तोंड काढल्यावर हवा जावी तशी गाडी खाली बसली. कड्या मी खिशात टाकल्या. रुबीना मधे उभी राहिली होती, ओढणी पसरून, कुणाला दिसू नये म्हणून. त्याबद्दल मी तिचे आभार कधी मानले नाहीत.

तिसऱ्या फेरीत गाडी पडली नाही. वळणात शिरायची आणि तशीच्या तशी बाहेर यायची; दांड्याचा आवाज एकसुरी, आणि माझ्या हातांना काहीच करावं लागत नव्हतं. त्या एका फेरीत आम्ही तिसरे होतो. तिन्ही मिळून सातवे आलो. सहाव्या गाडीच्या आमच्यापेक्षा दोन चकरा जास्त होत्या. सरांनी निकालाचा कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पहिल्या दोन फेऱ्यांत काय झालं तुम्हाला?" मी व्हरांड्यातल्या धुळीचं सांगितलं. ते मोटारसायकलवर निघून गेले. पुढच्या सोमवारी जिन्याखालची खोली रिकामी करायचा निरोप आला.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. रुबीना पुढच्या बाकावर गाडीचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिला बाळापूरपर्यंत जायचं होतं. मी आणि दादा मागं. दिवस कलला होता. दादांनी पिशवी उघडली, एक धपाटं तिला पुढं दिलं, एक मला. स्वतः खाल्लं नाही. पिशवीचं तोंड बांधून ठेवलं.

"काढल्या ना कड्या?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"पयल्या वळणालाच कळलं मला. आमच्याकडं उसाची ट्रॉली पडती तशी पडली. वजन वर गेलं, दुसरं काय." मग, "तुला कवा कळलं?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "आधीच. कागदावर लिहिलेलं होतं."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तुम्ही रविवारभर बसला होता."

बस कुठल्याशा गावाच्या गतिरोधकावर आदळली. त्यांनी खांदा धरला, डोळे मिटले, आणि दुखणं ओसरल्यावर बोलले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"आरं, माझ्याकडं गिऱ्हाईक येतं, म्हणतं पाटा चुकला. मी काढतो. दुसरा टाकतो. तीस साल झाले, हेच करून राहिलो. माझं काम चुकलं म्हणून मी मरतो का?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला शाळेत कशाला घातलं? मला कळत न्हाई ते तू सांगावं म्हणून. अन् तू माझ्या तोंडाकडं बघून राहिला. मला वाईट वाटू नये म्हणून गाडी पडू दिली. आता गाडीबी पडली, पोरीची खोलीबी गेली, अन् वाईटबी वाटलं."

माझ्या हातात अर्धं धपाटं तसंच होतं. पुढच्या बाकावर रुबीनाची मान हलली नाही, पण तिनं ऐकलं असणार.

फाटा आला. कंडक्टरनं घंटी ओढली. दादांचा उजवा हात वर जात नाही हे माहीत असल्यामुळं मी उठून त्यांना धरायला गेलो. त्यांनी माझा हात बाजूला केला, रागानं नाही, आणि डाव्या हातानं दांडी पकडली.

"तू उतर आधी," म्हणाले. "मी येतो."